तिश्र जातीतला नाताळ

‘सायलेंट नाइट’ हे नाताळचं गाणं जॅझ आणि पाश्चात्त्य अभिजात वादकांच्या एकत्र संचासाठी बांधायचं असेल, तर आधी त्याचे बार, म्हणजे तालाचे सारखे खाने, मोजून बघा. मात्र मोजताना हल्लीच्या भजनपुस्तकांतली तीन-चतुर्थांशाची छापील प्रत घेऊ नका, मूळची ६/८ची चाल घ्या. बारा भरतात. पहिले दोन बार षड्जाच्या कॉर्डवर, म्हणजे षड्जावर रचलेल्या स्वरमेळावर, तिसरा पंचमाच्या, चौथा परत षड्जाच्या. पाचव्यात मध्यमाची कॉर्ड येते, सहाव्यात षड्ज, सातव्यात पुन्हा मध्यम, आठव्यात घरी. नववा पंचमाचा. दहावा षड्जाचा, अकरावा अर्धा षड्जाचा अर्धा पंचमाचा, बाराव्यात विसावा.

जॅझ वाजवणाऱ्याच्या बोटांना हा नकाशा ओळखीचा वाटतो. बारा बारांचा ब्लूज असाच चालतो. पाचव्यात मध्यमाकडे वळतो, आठव्यात घरी असतो, नवव्यात पंचमावर चढतो. तिसरा, सहावा, सातवा आणि दहावा हे बार वेगळे पडतात, बाकी सांगाडा जुळतो. दोघांचं नातं मात्र काहीही नाही. ऑस्ट्रियात साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडॉर्फमध्ये, संत निकोलसच्या चर्चमध्ये २४ डिसेंबर १८१८ला हे गाणं पहिल्यांदा गायलं गेलं, आणि मिसिसिपीकडचा ब्लूज आकाराला आला तो त्यानंतर कित्येक दशकांनी. तीन कॉर्ड आणि बारा बार एवढंच सामान घेऊन घर बांधलं की खोल्या कुठंकुठं सारख्या निघणारच. पण आयती मिळालेली ही जुळणी वापरायला कुणाची हरकत नाही. डिसेंबरात जॅझ आणि पाश्चात्त्य अभिजात संगीत एकत्र आणणारे छोटे संच जे वाजवतात, त्यातलं बरंचसं मला जोडकाम वाटतं: आधी चार बार बाख, मग बत्तीस बार स्विंग, म्हणजे जॅझची झुलती चाल, मग पुन्हा बाख. सांधा ऐकू येतो. ‘सायलेंट नाइट’मध्ये तो शोधावा लागत नाही, कारण दोन्ही वाटा गाण्याच्या पोटातच आहेत.

मूळ गाणं दोन आवाज आणि एक गिटार यांच्यासाठी होतं. शब्द योझेफ मोर या तरुण धर्मगुरूचे, चाल शाळामास्तर फ्रान्झ क्सावर ग्रूबरची. मोर वरच्या पट्टीत गायला आणि गिटारही त्यानंच धरली, ग्रूबर खालच्या आवाजात. चर्चमधल्या ऑर्गनचा भाता उंदरांनी कुरतडला म्हणून गिटार आली, ही मागाहून रचलेली दंतकथा. मोरच्या हातचं जे हस्तलिखित १९९५मध्ये उजेडात आलं त्यात पट्टी डी मेजर आहे आणि ताल ६/८. म्हणजे आपल्या भाषेत तिश्र जाती: एका ठोक्याच्या पोटात तीन.

हा तीनाचा झोल नाताळच्या संगीतात फार जुना आहे. इटलीत आब्रुत्सोच्या डोंगरांतले मेंढपाळ नाताळच्या आधीच्या दिवसांत रोममध्ये उतरायचे आणि रस्त्यांवरच्या मूर्तींपुढं वाजवायचे. एकाकडं झाम्पोन्या, म्हणजे खाली सतत सूर धरून ठेवणारी मोठी मशकबीन, दुसऱ्याकडं सनईच्या जातीचं छोटं वाद्य. आपल्याकडं लग्नमंडपात सनईवाल्याशेजारी नुसता सूर धरून बसलेला माणूस असतो ना, साधारण तशीच वाटणी. रोमच्या संगीतकारांनी ही चाल उचलली आणि तिला ‘पास्तोराले’ म्हटलं. आर्कांजेलो कोरेल्लीच्या सहाव्या संग्रहातला आठवा कॉन्चेर्तो ‘नाताळच्या रात्रीसाठी’ म्हणून लिहिला आहे. तो छापला गेला १७१४मध्ये, कोरेल्ली गेल्यानंतर. जी मायनरमध्ये चाललेली ही रचना शेवटी जी मेजरमध्ये उघडते, १२/८मध्ये, खाली धरलेल्या सुरावर. बाखच्या ‘ख्रिसमस ओराटोरिओ’च्या दुसऱ्या भागाची वाद्यसुरावट १२/८, हॅन्डलच्या ‘मसीहा’तला मेंढपाळांचा तुकडा १२/८.

आणि स्विंग? सर्वसाधारण मध्य लयीत स्विंगचा ठोका तीनात मोडतो. पहिले दोन भाग एका स्वराला, तिसरा दुसऱ्याला. लय वाढली की हे प्रमाण सपाट होत जवळजवळ निम्म्या-निम्म्यावर येतं, फार संथ लयीत दुसरा स्वर आणखी मागं सरकतो. पण मधल्या पट्ट्यात ती तिश्र जातीच असते. म्हणून पास्तोरालेला स्विंगमध्ये ‘रूपांतरित’ करावं लागत नाही, फक्त ठोक्याचं वजन हलवावं लागतं.

एक जागा मात्र कोरेल्लीकडून शिकण्यासारखी आहे. याच कॉन्चेर्तोच्या सुरुवातीच्या संथ भागावर त्यानं सूचना लिहिली आहे: गज लांब ओढा, सूर धरून ठेवा, ‘कोमे स्ता’, म्हणजे लिहिलंय तसंच वाजवा. एका भागावर असं मुद्दाम लिहावं लागलं, याचा अर्थ इतरत्र वादक लिहिलंय तसं वाजवत नव्हते. ते सजवत होते, भरत होते. खर्जाच्या ओळीवर नुसते आकडे दिलेले असायचे आणि हार्पसिकॉर्डवाला त्यावरून कॉर्ड जागच्या जागी रचायचा. आज जॅझचा पियानोवादक कॉर्डची चिन्हं वाचून हेच करतो. दोन परंपरा इतक्या दूरच्या नाहीत. मधल्या काळात एकीनं सगळं लिहून ठेवायची सवय लावून घेतली, इतकंच.

आता प्रत्यक्ष बांधणी. संच सात जणांचा धरू: दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो, डबल बास, पियानो आणि काठ्यांऐवजी तारांच्या ब्रशनं वाजवणारा ड्रमर. पट्टी मूळचीच, डी मेजर. जॅझवाल्यांना बी फ्लॅट किंवा ई फ्लॅट हाताखालचं वाटतं, पण डीमध्ये चेलोच्या डी आणि ए या दोन मोकळ्या तारा एकत्र ओढता येतात. तोच आपला षड्ज-पंचम, तीच झाम्पोन्या. बोटानं दाबून काढलेला ड्रोन, म्हणजे सतत धरलेला सूर, इतका गुंजत नाही. बासलाही डी आणि ए मोकळे मिळतात.

लय ठरवताना तीनातला एक नव्हे, अख्खा ठोका मोजा. मिनिटाला ४४ ते ४८ ठोके पुरे. ४६ धरले तर बारा बारांचं एक आवर्तन साधारण एकतीस सेकंदांत संपतं. सगळ्यात जास्त चुकतं ते इथं: तालमीत ४६ असलेली लय कार्यक्रमात ब्रश सुरू झाले की ५६वर जाते आणि अंगाईचा वॉल्ट्झ होतो.

चार बार नुसता चेलोचा सूर. मग पहिलं आवर्तन एका व्हायोलिनवर, कसलीही फोड न करता. धून डी तारेवर वर चढून वाजवावी, मोकळ्या ए तारेवर नको. तो स्वर फार उजळ लागतो आणि धून पुढं पळते. तिसऱ्या बारातही खाली डी सोडू नये. वर पंचमाची कॉर्ड आणि खाली षड्ज यांचा जो किंचित ताण पडतो, तीच या गाण्याची थंडी आहे.

दुसऱ्या आवर्तनापासून ब्रश आणि बास. इथं ठोक्याच्या आतलं गणित नीट बघायला हवं. मूळ धुनेची पहिली हालचाल सिचिल्याना धाटणीची आहे: दीड अष्टमांश, अर्धा, एक. ठोक्याचे सहा बारीक भाग केले तर धुनेचे स्वर शून्य, तीन आणि चार या ठिकाणी पडतात. ड्रमरनं तीनाचे तिन्ही ठोके दिले तर ते पडतात शून्य, दोन, चारवर. म्हणजे त्याचा मधला ठोका दोनवर आणि व्हायोलिनचा इवलासा स्वर तीनवर. दोघं एकमेकांच्या पायात येतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, व्हायोलिनवाला अडखळतोय. उपाय सोपा आहे. ड्रमरनं मधला ठोका गाळायचा. पहिला आणि तिसरा, बस. हाच तर शफलचा, म्हणजे ब्लूज-जॅझमधल्या झुलत्या तालाचा, नेहमीचा ठेका. रिकामा ठेवलेला तो मधला भाग हीच व्हायोलिनची जागा.

‘जागा’ हा शब्द आपल्या गायकीत दोन अर्थांनी चालतो. मोकळी असते तीही जागा आणि गवई सुंदर घेतो तीही जागा. या संगीतात दुसरीला पहिली लागते. माझ्या मते अशा बांधणीची पहिली कसोटी हीच: लिहिणाऱ्यानं काय गाळलं? सात वादक आहेत म्हणून सातही जणांना सतत काम दिलं की ऐकणाऱ्याच्या कानाला बसायला कट्टाच उरत नाही.

कॉर्डची फोड, म्हणजे साध्या कॉर्डच्या जागी वेगळ्या घालणं, तिसऱ्या आवर्तनात करावी, तीही तीन ठिकाणीच. चौथ्या बारात षड्जाच्या कॉर्डमध्ये सी नॅचरल मिसळून डी सेव्हन करा. म्हणजे पाचव्या बारातल्या जी कॉर्डकडं ओढ लागते, ब्लूजमध्ये लागते तशीच. आठव्या बारात डीऐवजी बी सेव्हन. धुनेचे तिथले स्वर ए, बी आणि एफ शार्प आहेत, तिन्ही बी सेव्हनच्या घरातले, एकही घासत नाही. नवव्या बाराचा पहिला अर्धा ई मायनर सेव्हन, दुसरा ए सेव्हन. धून आधी नुसता ई घेते, मग जी, ई आणि सी शार्प, म्हणजे इथंही सरळ बसते. एवढं पुरे. प्रत्येक बारात दोन-दोन कॉर्ड कोंबून केलेली ‘सायलेंट नाइट’ हुशार वाटते, पण त्या हुशारीत रात्र उरत नाही.

आठव्या बारात एक सापळा आहे. बी सेव्हनमध्ये डी शार्प आहे आणि खाली चेलो अजून डी धरून बसला आहे. अर्ध्या स्वराची ही टक्कर कुणाच्याही कानात टोचते, तरी फेरबदल करणारे ड्रोन विसरतात, कारण ड्रोन कागदावर लांबलचक जोडरेषेत झोपलेला असतो. त्या बारात चेलोनं डी सोडायचा आणि फक्त ए धरायचा. ए बी सेव्हनमध्ये बसतो, ई मायनरवर तरंगतो, ए सेव्हनमध्ये मूळ स्वरच होतो. दहाव्या बारात डी परत आला की घरी आल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणं वरच्या कॉर्डमुळं नसतं, खालची तार परतल्यामुळं असतं.

पियानोवाल्याचा डावा हात ही दुसरी अडचण. बास आणि चेलो असताना त्यानं मूळ स्वर वाजवूच नये. डी सेव्हनसाठी मधल्या सीच्या आसपास एफ शार्प, सी, ई एवढे तीन पुरतात, मूळ स्वर बास सांभाळतो. मधल्या सीच्या एक सप्तक खालच्या सीखाली तर षड्ज-गंधारासारखं तिसऱ्या स्वराचं अंतर कधीच नको, तिथं गढूळ होतं. तंतुवाद्यांना चार स्वरांची कॉर्ड द्यायची असली तर ती लगटून देऊ नये. वरून दुसरा स्वर एक सप्तक खाली टाकावा. सी-ई-जी-बी असेल तर जी खाली: चेलोला जी, व्हायोलाला सी, दुसऱ्या व्हायोलिनला ई, पहिल्याला बी. लगेच हवा खेळते. आणि अशा कॉर्डवर आंदोलन कमी. चौघांनी चार रुंदीचं व्हिब्राटो लावलं तर सातवा स्वर ओळखूच येत नाही. सरळ सूर लावावा, शेवटाकडं थोडा हलवावा.

स्विंग लिहायचं कसं, यावरून तालमी फुकट जातात. जॅझवाल्याला चार-चतुर्थांशात सरळ अष्टमांश लिहून वर ‘स्विंग’ म्हटलं की कळतं. अभिजात शिस्तीतल्या व्हायोलिनवाल्याला ते एकतर सपाट दिसतं, नाहीतर तो दीड-अर्धा असं टोकदार वाजवतो आणि लष्करी कवायत ऐकू येते. त्याच्यासाठी सरळ १२/८ लिहा, तो बरोबर तेच वाजवेल. मग फक्त गज उरतो. प्रत्येक ठोक्यावर खाली-वर गज मारला तर ठोका जड होतो. ठोक्याआधीचा लहान स्वर आणि पुढचा ठोका एका गजात जोडला की वजन आपोआप मागं सरकतं. अमेरिकेतल्या टर्टल आयलंड या तंतुवाद्य चौकडीनं १९८५पासून असल्या गोष्टींवर काम केलं आहे. गजाचा मुठीकडचा भाग तारेवर आपटून ‘चॉप’ नावाचा कोरडा ठोका काढायचा, म्हणजे ड्रमशिवायही ताल धरता येतो. या गाण्यात तो नको, पण ‘गॉड रेस्ट यी मेरी जंटलमेन’सारख्या खड्या मायनर चालीत शोभतो. मॉडर्न जॅझ क्वार्टेटनं तीच चाल १९५६मध्ये घेतली होती, पियानो, व्हायब्राफोन, बास आणि ड्रम अशा चौघांतच, कुजबुजल्यासारखी.

सोलो कुणाला? पियानोला दोन आवर्तनं, म्हणजे मिनिटभर. कधीच उत्स्फूर्त न वाजवलेल्या व्हायोलावाल्याला ‘वाजव काहीही’ म्हणणं हा अन्याय आहे. त्याला डी, ई, एफ शार्प, ए, बी हे पाच स्वर द्या, आपला भूपच तो, आणि फक्त पाचवा ते आठवा बार द्या. आठव्यातला बी सेव्हन त्या आवर्तनापुरता काढून साधी डी ठेवा, म्हणजे तो अडकणार नाही. किंवा धूनच द्या आणि तिला कोरेल्लीच्या काळासारखी सजवायला सांगा. आवर्तनं किती, हे मोजून ठरवून टाका. ‘खूण करेपर्यंत’ असं लिहिलं की अर्धा संच आपल्या कागदातून मान वर करत नाही आणि खूण हवेत जाते.

बसण्याची मांडणी कमी महत्त्वाची समजू नये. ड्रमरचा उजवा हात चौघाही तंतुवादकांना दिसला पाहिजे. बास पियानोच्या खर्जाकडच्या टोकाशी, ड्रम बासच्या पलीकडं, आणि चेलो बासला लागून, कारण ड्रोनचा सूर या दोघांना मिळून लावायचा आहे. पियानोचं झाकण अर्ध्यावर. ड्रममध्ये स्नेअर, हाय-हॅट आणि एक झांज, पायाचा मोठा ड्रम नकोच. चुन्याच्या भिंतींच्या उंच चर्चमध्ये आवाज तीन-तीन सेकंद रेंगाळतो, तिथं बासचे सुटे स्वर एकमेकांवर चढतात आणि ब्रशची नुसती वाफ होते. अशा वेळी बासनं स्वर आखूड तोडावेत, ब्रशनं घासणं थांबवून टोचावं, आणि ड्रमखाली जाड जाजम टाकावं.

थंडी सुरालाही लागते. फुंकवाद्याचा सूर दर अंश सेल्सिअसला सुमारे तीन सेंटनं (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट) उतरतो, म्हणजे १० अंशांनी जास्त थंड जागेत क्लॅरिनेट अर्ध्या स्वराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शानं खाली. व्हायब्राफोन असेल तर त्याच्या पट्ट्या ऐन वेळी जुळवता येत नाहीत. तो ए = ४४२ हर्ट्झवर घडवलेला असेल तर पियानो आधीच ४४२वर लावून घ्यावा लागतो. युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात तापवलेल्या कोरड्या खोल्यांत लाकूड आकसतं, व्हायोलिनच्या खुंट्या सैल होऊन घसरतात, बासची शिवण उकलते. गोव्या-मुंबईच्या डिसेंबरात तो त्रास क्वचित.

गोव्याचं नाव आलंच आहे, तर हे मिश्रण आपल्या किनाऱ्याला परकं नाही. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलं स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकली. त्यांतलीच मोठी होऊन मुंबईच्या हॉटेलांत रात्री जॅझ वाजवू लागली आणि दिवसा चित्रपटांच्या ऑर्केस्ट्रांत. हळदोण्याचे चिक चॉकलेट ट्रम्पेटवर होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिनवर होते, प्यारेलाल यांचे गुरू. त्यांनी १९५८मध्ये राग आणि सिंफनी एकत्र आणणारा ऑर्केस्ट्रा उभा केला. कागदावरचं वाचणं आणि कानानं उचलणं, दोन्ही एकाच माणसात असणं ही या संगीताची खरी गरज. त्या पिढीत ती जागोजागी पुरी होत होती. गोव्याचा मांडो वाजवणाऱ्या व्हायोलिनवाल्याला धुनेच्या मागं रेंगाळायला शिकवावं लागत नाही.

कार्यक्रमात ‘सायलेंट नाइट’ शेवटी ठेवतात ते लोकांना गाता यावं म्हणून. पण डी मेजरमध्ये तिचा सर्वांत वरचा स्वर जी आहे, सभागृहातल्या निम्म्या गळ्यांना तो झेपत नाही. गाण्यासाठी बी फ्लॅट बरी, तिथं वर फक्त ई फ्लॅट लागतो. डीमधून बी फ्लॅटमध्ये जायला फार रस्ते बांधू नयेत. चेलोनं डी धरून ठेवावा, बाकी सगळ्यांनी थांबावं, आणि बासनं खाली बी फ्लॅट लावावा. जो डी आतापर्यंत षड्ज होता तो बसल्या जागी गंधार होतो. लोकांना कुणी हात दाखवायची गरज पडत नाही, खालचा स्वर बदलला की त्यांचा श्वास भरलेला असतो. पियानोनं या कडव्यात धून वाजवू नये, ती लोकांची. ब्रश बंद. गिटार कुणाकडं असेल तर आता घ्यावी.

गाणं संपलं की बासनं बी फ्लॅट सोडून द्यावा. चेलोचा डी चालूच. लोकांचा आवाज विरेपर्यंत तो एकटा राहू द्यावा, मग त्याच गजात शेजारची ए तार घ्यावी. गंधार परत षड्ज होतो. तिसरा स्वर कुणी मिसळू नये, मेजर सेव्हन तर नाहीच. गज टोकाला पोचेल तेव्हा थांबावं.